तेरा ग्रॅम गॅस: भाबा खिंडीच्या वाटेवरचं एक प्रकरण

किन्नौरमधल्या काफनू गावातून निघून भाबा खिंड ओलांडायची आणि स्पितीच्या पिन खोऱ्यात मुद गावी उतरायचं, हा सुमारे 50 किलोमीटरचा रस्ता. खिंड सुमारे 4,900 मीटरवर. अलीकडे रूपी-भाबा अभयारण्याची हिरवी कुरणं, पलीकडे पिन व्हॅली राष्ट्रीय उद्यानाचं कोरडं थंड वाळवंट. मधे गाव नाही, दुकान नाही, मोबाइलला रेंज नाही.

इंदूरच्या रामबागेतलं एक जोडपं आणि पत्नीचा धाकटा भाऊ असे तिघे सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात या वाटेवर गेले. खेचर नाही, पोर्टर नाही, सगळं स्वतःच्या पाठीवर आणि शक्य तितकं हलकं. खिंडीच्या एक मुक्काम अलीकडे, फुस्तिरंगला, त्यांची मोहीम थांबली. कुणाला इजा झाली नाही. तरीही हे प्रकरण तपशिलात पाहण्यासारखं आहे, कारण हलक्या सामानाचा फायदा आणि त्याचा सापळा हे दोन्ही एकाच दिवसात समोर आले.

तराजूवरचा हिशोब

तयारी मे महिन्यात सुरू झाली, स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर. खाणं, पाणी आणि इंधन सोडून उरतं ते बॅगेचं मूळ वजन. नवऱ्याच्या जुन्या बॅगेचं ते 13.4 किलो भरलं. कमी करून 6 किलोवर आणलं.

यातले 3.4 किलो तीन वस्तूंतून निघाले. पाठीची बॅग 2.4 किलोवरून 900 ग्रॅमवर आली. दुपदरी तंबूऐवजी ट्रेकिंग पोलवर उभा राहणारा एकपदरी पिरॅमिड तंबू घेतला: कापड 1,150, खालची चादर 250, खुंट्या 160, म्हणजे तिघांत वाटून प्रत्येकी 520 ग्रॅम. पूर्वी हाच वाटा 1.3 किलो होता. 2.2 किलोच्या सिंथेटिक स्लीपिंग बॅगेच्या जागी पिसांची, म्हणजे डाउनची, 1,050 ग्रॅमची आली.

उरलेले चार किलो कमी करायला पैसा लागला नाही. जास्तीचे कपडे काढून 1.9 किलो वाचले. कुकर, पातेली आणि मोठी शेगडी यांतला प्रत्येकाचा वाटा 900 ग्रॅम होता, तो गेला. स्टीलची बाटली, दुसरा टॉर्च, कॅमेरा आणि त्याचे चार्जर मिळून 1.2 किलो होते. पाण्यासाठी एक लिटरच्या साध्या पेट बाटल्या घेतल्या, एकीचं वजन 30 ग्रॅम.

हलक्या भटकंतीत 4.5 किलो मूळ वजनाची एक रेषा सांगतात. ती अमेरिकेतल्या 10 पौंडांवरून आलेली आहे. 4,900 मीटरच्या खिंडीवर सप्टेंबरच्या उत्तरार्धात बर्फ पडू शकतं. तिथे या रेषेचा हट्ट धरू नये. तिघांनी 380 ग्रॅमचे मायक्रोस्पाइक (बर्फासाठी बुटांवर चढवायचे काटे), पावसाची पँट आणि झोपण्याचा वेगळा कोरडा थर्मल जोड ठेवला, तो निर्णय बरोबरच होता.

खाणं माणशी दिवसाला 650 ग्रॅम. पोहे 100, सातूचं पीठ-गूळ-दूध पावडर 110, शेव 70, शेंगदाणे-काजू-खजूर 130, वाळवलेली खिचडी 150, तूप 40, चिक्की 50. यातून साधारण 2,950 कॅलरी मिळतात. तूप आणि शेव यांचं काम मोठं आहे. तुपात 100 ग्रॅमला सुमारे 900 कॅलरी, शेवेत साडेपाचशेच्या आसपास, तर कोरड्या पोह्यांत साडेतीनशे. जीरावणाची, म्हणजे पोह्यांवर भुरभुरायच्या इंदुरी मसाल्याची, 20 ग्रॅमची पुडी सोबत असेल तर चौथ्या दिवशीही पोहे घशाखाली उतरतात. उंचीवर भूक मरते, म्हणून चवीला कॅलरीइतकंच महत्त्व द्यावं.

खिचडी वाळवण्यामागे कारण आहे. 4,100 मीटरवर पाणी 86 अंशांच्या आसपास उकळतं, त्यात डाळ लवकर शिजत नाही. कुकर नको असेल तर घरीच मऊ शिजवून वाळवावी लागते. इंदूरच्या मे महिन्यातल्या उन्हात पातळ थर पसरला की दोन दिवसांत होते आणि वजन जेमतेम तिसरा हिस्सा उरतं. फोडणी आधी घालायची नाही, तेलाला वास येतो. तूप वरती, ताटात. उकळतं पाणी ओतून डबा टोपीत गुंडाळला की 20 ते 25 मिनिटांत खाण्याजोगी होते.

सहा दिवसांचा प्रवास आणि एक दिवस राखीव, म्हणजे 4.55 किलो खाणं. 230 ग्रॅम गॅसच्या दोन डब्या, भरलेली डबी साधारण 380 ग्रॅमची, त्यात प्रत्येकाचा वाटा 253 ग्रॅम. एक लिटर पाणी. निघताना पाठीवर 11.8 किलो.

गॅसच्या आकड्यात चूक कुठे होती

शेगडीची चाचणी इंदूरच्या स्वयंपाकघरात झाली. एक लिटर पाणी उकळायला 10 ग्रॅम गॅस लागला. तिघांना दिवसाला साडेपाच लिटर उकळतं पाणी हवं, म्हणजे 55 ग्रॅम. सात दिवसांचे 385. दोन डब्यांत 460 आहेत, म्हणजे 75 ग्रॅम शिल्लक. कागदावर हे चोख दिसतं.

आता चाचणीची परिस्थिती पाहा. नळाचं पाणी 28 अंशांचं, खिडक्या बंद, वारा शून्य. वरती ओढ्याचं पाणी 4 अंशांचं असतं. तिथे उत्कलनबिंदू खाली आलेला असल्यामुळे तापमानातला फरक फारसा वाढत नाही: इंदूरला 28 ते 98 म्हणजे 70 अंश, फुस्तिरंगला 4 ते 86 म्हणजे 82 अंश. एवढ्यानं गॅस 10 चा पावणेबारा ग्रॅम होईल. खरा खर्च वारा करतो. ज्योत भांड्याखालून बाजूला झुकली की उष्णता हवेत जाते. प्रत्यक्षात लिटरला 16 ग्रॅम लागले.

वारा अडवायला शेगडीभोवती पत्रा पूर्ण गुंडाळायचा मोह होतो. डबीवर थेट बसणाऱ्या शेगडीला तसं कधीही करू नये. डबी तापते आणि फुटू शकते. वाऱ्याच्या बाजूनं दगड रचावे, निम्मी बाजू उघडी ठेवावी, अधूनमधून डबीला हात लावून पाहावा. डबीवरचं मिश्रणही वाचून घ्यावं. साधं ब्यूटेन शून्याच्या आसपास वायू व्हायचं थांबतं. आयसोब्यूटेन उणे 11 पर्यंत साथ देतं, प्रोपेन त्याहून पुष्कळ खाली. या तिघांच्या डब्या योग्य मिश्रणाच्या होत्या आणि रात्री त्या स्लीपिंग बॅगेत ठेवल्या जात. चूक फक्त संख्येत होती. गॅसची डबी रेल्वेत नेता येत नाही, म्हणून त्या हिमाचलात विकत घेतल्या होत्या. तिसरी तिथेच घेता आली असती.

दुसरा दिवस

इंदूर ते अंबाला मालवा एक्स्प्रेस, पुढे शिमला, रामपूर, वांगतूमार्गे काफनू. घरी आईजवळ एक कागद ठेवला होता: रोजचा मुक्काम, मुदला पोहोचण्याची तारीख, आणि त्या तारखेनंतर दोन दिवस फोन आला नाही तर किन्नौर आणि लाहौल-स्पिती या दोन्ही जिल्ह्यांच्या आपत्ती कक्षांना कळवण्याची सूचना. उपग्रहावरून संदेश पाठवणारं यंत्र परदेशी भटक्यांच्या याद्यांत हमखास असतं, पण भारतात ते परवान्याशिवाय बाळगणं बेकायदा आहे. त्यामुळे इथे हा कागदच आधार.

काफनू सुमारे 2,400 मीटर. पहिला मुक्काम मुलिंग, सुमारे 3,250. दुसरा कारा, 3,550. तिसरा फुस्तिरंग, 4,100. मग खिंड. 3,000 मीटरच्या वर झोपण्याची उंची एका रात्रीत 500 मीटरपेक्षा जास्त वाढवू नये आणि तीन-चार दिवसांनी एक विश्रांतीचा दिवस ठेवावा, असा नियम आहे. आराखडा त्याच्या जवळपास जाणारा होता.

दुसऱ्या दिवशी तिघे सकाळी साडेदहालाच काऱ्याला पोहोचले. रुंद कुरण, स्वच्छ ऊन, पाय ताजे. 12 किलोच्या आतलं ओझं, त्यामुळे चाल भराभर झाली होती. पूर्वीच्या सामानानं इथे यायला दुपार झाली असती आणि तंबू ठोकण्यापलीकडे कुणी काही बोललं नसतं. आता हातात अख्खा दिवस मोकळा. जेवण झालं, मोजे वाळले, आणि एकच्या सुमारास पुढे जायचं ठरलं. एक दिवस वाचेल, तो राखीवमध्ये जाईल, असा विचार.

आमच्या मते मोहीम इथेच संपली होती, पुढचे अठरा तास त्याचा परिणाम होते. ओझं कमी झालं की गुडघे आणि फुप्फुसं कमी थकतात. पण विरळ हवेशी जुळवून घ्यायला शरीराला लागणाऱ्या रात्री तेवढ्याच लागतात. मुलिंग ते फुस्तिरंग म्हणजे झोपण्याच्या उंचीत एका दिवसात 850 मीटर. जड बॅग माणसाला दुपारी काऱ्यातच बसवते आणि नकळत सांभाळते. हलकी बॅग घेतली की तो लगाम आपल्या हातानं ओढावा लागतो.

काऱ्यापुढे भाबा नदीचा प्रवाह ओलांडावा लागतो. वरच्या हिमनद्या आणि बर्फ दिवसभर वितळतात, म्हणून पाणी पहाटे सर्वांत कमी आणि दुपारनंतर सर्वांत जास्त. तिघांनी दोनच्या सुमारास ओलांडलं, पाणी गुडघ्याच्या वर. पद्धत बरोबर होती: बूट पायातच, कमरेचा पट्टा सोडलेला, तोंड प्रवाहाच्या वरच्या दिशेला, पोलचा आधार, एका वेळी एकच पाऊल. पण बूट चिंब झाले आणि 4,100 मीटरवर संध्याकाळी बूट वाळत नाहीत. त्याहून वाईट म्हणजे आता परतीच्या वाटेवर चढतं पाणी होतं.

रात्र

फुस्तिरंगला साडेचारला पोहोचले. तंबू ओढ्यालगतच्या मऊ गवतावर लावला. थंड आणि दमट हवा नेमकी तिथेच साचते. तीस-चाळीस मीटर वर, उताराच्या कोरड्या खांद्यावर जागा होती. सात वाजता बर्फमिश्रित पाऊस सुरू झाला आणि दार, वरचा झरोका, सगळं बंद करण्यात आलं.

एकपदरी तंबूत तीन माणसांचा श्वास रात्रभर आतल्या कापडावर दव होऊन बसतो. दुपदरी तंबूत आतली जाळी त्याला अंगापासून दूर ठेवते. पिरॅमिडच्या भिंती उतरत्या असतात, पायाकडचा भाग कापडाला टेकतो. पहाटेपर्यंत दोन स्लीपिंग बॅगांचा पायाकडचा तिसरा हिस्सा ओला झाला. ओली पिसं गोळा होतात, फुगत नाहीत, आणि फुगवटा गेला की ऊबही जाते. झरोका वितभर उघडा ठेवला असता आणि पावसाचं जॅकेट चेन लावून पायाकडून बॅगेवर चढवलं असतं, तर बरंच वाचलं असतं. दोन्हींना एक ग्रॅमही जास्त लागत नाही.

धाकट्याचं डोकं सहा वाजल्यापासून दुखत होतं. तो बोलला नाही. सोबत भाऊजी, आणि पुढे जायचा आग्रह स्वतः त्यानंच धरला होता. खिचडी निम्मी टाकली तेव्हा बहिणीनं विचारलं, त्यावर "दमलोय गं ताई, बाकी काही नाही" एवढंच. दहा वाजता उलटी झाली, मग सगळं सांगितलं. अशा संकोचावर उपाय म्हणजे रात्रीच्या जेवणाआधी प्रत्येकानं मोठ्यानं आकडे सांगण्याची सक्ती. उंचीचा त्रास मोजायच्या लेक लुईस पद्धतीत डोकेदुखी, पोट, थकवा आणि चक्कर या चारांना शून्य ते तीन गुण असतात. डोकेदुखी असेल आणि बेरीज तीन किंवा जास्त असेल तर तो उंचीचा त्रास धरावा. त्याची बेरीज सहा होती: दोन, दोन, एक, एक. म्हणजे मध्यम.

उतरायला हवं होतं, पण अंधारात, पावसात, फुगलेल्या प्रवाहातून नाही. ताईनं त्याला सरळ रेषेत एका पायाच्या टाचेला दुसऱ्या पायाची बोटं लावून दहा पावलं चालवून पाहिलं. तोल नीट होता, म्हणजे मेंदूला सूज येत असल्याची खूण नव्हती. ही चाचणी दर दोन तासांनी केली. एकदा जरी तोल गेला असता तरी रात्रीच निघावं लागलं असतं, प्रवाहासह. डोकं उंच, घोट घोट पाणी, गरम पाण्याच्या बाटल्या पायाशी. त्या बाटल्यांनी त्या दिवसाचा गॅस 110 ग्रॅमवर नेला.

उतरणं, आणि हलक्या सामानाची खरी किंमत

पहाटे साडेपाचला निघाले. पाणी नडगीपर्यंत उतरलं होतं. आजाऱ्याची बॅग तेव्हा दहा किलोची. त्यातले सात किलो दोघांनी वाटून घेतले, त्याच्याकडे गरम कपडे, पाणी आणि चिक्की एवढंच ठेवलं. दोघांच्या पाठीवर प्रत्येकी सुमारे साडेतेरा किलो झाले, नवऱ्याच्या जुन्या बॅगेच्या मूळ वजनाइतके. जुन्या सामानात दुसऱ्याचं ओझं उचलायला जागाच नव्हती. दोन तासांत तिघे काऱ्याला होते. दुपारी बेरीज तीनवर, संध्याकाळी एकवर.

मग चर्चा झाली: दोन रात्री इथे काढून पुन्हा वर जायचं का? तो पूर्ण बरा झाला तर वैद्यकीय नियम पुन्हा चढायला मना करत नाही. खाणं पुरत होतं, आजाऱ्यानं फार खाल्लंच नव्हतं. गॅस मोजला. भरलेली आणि रिकामी डबी पाण्यात तरंगवून पाण्याच्या रेषा पेननं आधीच आखून ठेवल्या होत्या. ओढ्याचं पाणी भांड्यात घेऊन दुसरी डबी तरंगवली. पहिल्या दिवशी 80, दुसऱ्या दिवशी 110, तिसऱ्या दिवशी 65, असे 255 संपले होते, 205 उरले होते.

पुढचे चार दिवस लागणार. सकाळी शेगडी पेटवायचीच नाही, थंड पाण्यात भिजवून दडपे पोहे आणि सातू खायचं ठरवलं, तर फक्त संध्याकाळचं तीन लिटर पाणी उरतं: 48 ग्रॅम रोज, चार दिवसांचे 192. शिल्लक 13 ग्रॅम. यात एक लिटर पाणीसुद्धा उकळत नाही. पुन्हा कुणी आजारी पडलं तर गरम पाण्याची एक बाटली मिळणार नाही.

स्लीपिंग बॅगा तीन तास उन्हात ठेवल्या. कापड कोरडं झालं, आतल्या गुठळ्या तशाच होत्या. डाउन खोलवर भिजलं की एवढ्यानं भागत नाही.

आणि तिसरी गोष्ट भूगोलाची. खिंडीच्या अलीकडे त्रास झाला तर दोन तासांत 550 मीटर खाली येता येतं, हे सकाळीच दिसलं होतं. पलीकडचा मंगरुंगसेचा मुक्काम पुन्हा 4,100 मीटरच्या वर, आणि तिथून मुदपर्यंत वाट लांब आणि जवळजवळ सपाट. मुद स्वतःच 3,800 मीटरच्या आसपास. दिवसभर चालून जेमतेम 300 मीटर उंची कमी होते. ओलं अंथरूण आणि 13 ग्रॅम गॅस घेऊन त्या बाजूला जाणं चूक ठरलं असतं. चौथ्या दिवशी ते काफनूला उतरले. हा निर्णय योग्य होता, हे आम्ही निःशंकपणे म्हणतो.

बदललेली यादी

पुढच्या खेपेसाठी जे वाढवलं ते असं. तिसरी गॅस डबी, तिघांत वाटून 127 ग्रॅम. पायाकडच्या भागावर घालायचं पातळ जलरोधक आवरण, प्रत्येकी 90. पिरॅमिडच्या आत टांगायची जाळी, वाटून 130. आठव्या दिवसाचं खाणं, 650. बेरीज 997 ग्रॅम. निघताना पाठीवर 12.8 किलो.

वेळापत्रकात काऱ्याला दोन रात्री पक्क्या लिहिल्या. मधल्या दिवशी दुपारपर्यंत रिकाम्या पाठीनं उंचावर जाऊन परत खाली येऊन झोपायचं. प्रवाह सकाळी आठच्या आत ओलांडायचा, उशीर झाला तर त्या दिवशी ओलांडायचाच नाही. डायमॉक्स, म्हणजे उंचीच्या त्रासावरचं औषध, घ्यायचं की नाही ते डॉक्टरांना विचारून, सल्फाची ॲलर्जी नाही ना हे तपासून.

शेगडीची चाचणी मात्र स्वयंपाकघरातून बाहेर काढली. महूजवळचा जानापाव सुमारे 850 मीटर, इंदूरकरांना पायांच्या सरावासाठी जवळचा. उंचीचा सराव तिथे होत नाही, पण डिसेंबरच्या पहाटे माथ्यावर वारा भरपूर असतो. रात्रभर उघड्यावर ठेवलेलं पाणी, दगडांचा अर्धा आडोसा, आणि आधी-नंतर डबीचं वजन. पाच वेळा मोजून सरासरी 15 ग्रॅम आली. नव्या तक्त्यात लिटरला 18 धरले आहेत.